एका वर्षाची तालीम, सहा वर्षांचे पथ्य

लातूरशी लोकमान्य टिळकांचे नाते कापसाचे. १८९० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत त्यांनी भागीदारांसोबत लातुरात जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढण्याचा कारखाना सुरू केला. लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ‘केसरी’ कर्जात होता. प्रपंचाला कायद्याचे वर्ग आणि हा कारखाना यांचाच आधार होता. टिळक तेव्हा पस्तिशीचे होते. लेख, सभा, शिकवणी आणि हिशेब यांत दिवस संपत होता. पुढे ज्या दुखण्याने त्यांना गाठले, ते आज लातूर-नांदेडच्या घराघरांत आहे: मधुमेह.

टिळकांनी शरीराची हेळसांड केली, असे मात्र नाही. १८७२ साली ते मॅट्रिक झाले. त्याच वर्षी वडील गंगाधरपंत गेले. आई त्याआधीच गेली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले तेव्हा प्रकृती किरकोळ होती. या अंगावर पुढचे आयुष्य पेलणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि कॉलेजचे पहिले वर्ष चक्क व्यायामाला दिले. तालमीत जोर-बैठका, कुस्ती, पोहणे, कॉलेजजवळच्या नदीत नाव वल्हवणे आणि त्यावर पौष्टिक आहार, असा नेम ठेवला. अभ्यास मागे पडला आणि वर्ष वाया गेले. पण वर्षअखेर तो किरकोळ मुलगा ओळखू येत नव्हता.

असे कमावलेले शरीर आयुष्यभर पुरते का? याचे उत्तर त्यांच्याच पुढच्या आयुष्यात आहे.

१८८२ साली कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. तेवढ्यात टिळकांचे वजन २४ पौंडांनी, म्हणजे सुमारे ११ किलोंनी घटले. आज महिन्यात दहा किलो कमी करून देणाऱ्या जाहिराती पाहिल्या की या तुरुंगाची आठवण यावी. उपासमारीने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. पोटभर जेवण मिळू लागले की वजन परत चढते, पण गेलेले स्नायू तितक्या सहज परत येत नाहीत. अशा उतरण्याला वजनावरचा ताबा म्हणत नाहीत.

१८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातले अन्न सोसेना, प्रकृती पुन्हा खालावली. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी सिंहगडाच्या हवेत विश्रांती घेतली. नंतर पुन्हा तेच चक्र: अग्रलेख, काँग्रेस, कोर्टकचेऱ्या, रेल्वेचे प्रवास, रात्रीची जागरणे. तालमीतल्या त्या वर्षाला आता तीस वर्षे होऊन गेली होती. पन्नाशीच्या आसपास मधुमेहाने घर केले.

यामागचे गणित साधे आहे. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायू उचलतात. स्नायू वापरात असतील तर ही उचल चांगली होते. बैठे काम वाढले, पोटात चरबी साठली, की इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही. विशीत केलेला व्यायाम पन्नाशीच्या खात्यावर जमा राहत नाही. हाडापेराने काटक दिसणाऱ्या भारतीय माणसालाही पोटाच्या घेरामुळे मधुमेह होतो, तो यामुळेच.

२२ जुलै १९०८ रोजी, बावन्नावा वाढदिवस एका दिवसावर असताना, टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आधी साबरमती आणि मग ब्रह्मदेशातील मंडाले. प्रकृती पाहून सक्तमजुरी नाही, साधी कैद ठेवली गेली. लाकडी कोठडी, उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात गारठा. सोबतीला स्वयंपाक करणारा कुलकर्णी नावाचा मराठी कैदी.

त्या काळी मधुमेहावर परिणामकारक औषध नव्हते. डॉक्टरांच्या हातात होते ते पथ्य. टिळकांनी आहारातले नेहमीचे धान्य कमी केले आणि सातूच्या, म्हणजे जवाच्या पिठावर आणि दुधावर भर दिला. आजच्या ज्ञानाने पाहिले तर ही निवड शहाणपणाची होती. जवात विरघळणारा तंतू भरपूर असतो, त्यामुळे जेवणानंतरची साखर रक्तात हळूहळू उतरते.

सातूपेक्षाही महत्त्वाचे होते ते वेळापत्रक. उठणे, स्नान, जेवण, वाचन, लेखन, कोठडीला कुलूप, सारे ठरल्या वेळी. लग्नाची पंगत नाही, आग्रह नाही. हे पथ्य चार दिवसांचे नव्हते, सहा वर्षांचे होते. याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. मधुमेह, एकांत आणि परदेशी हवामान असतानाही डोके आणि हात चालते राहिले.

याच काळात पुण्यात दुसरी गोष्ट घडत होती. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई यांनाही मधुमेह होता. ७ जून १९१२ रोजी त्या गेल्या. मंडालेला तार पोचली ती मृत्यूचीच. टिळकांच्या मधुमेहाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, सत्यभामाबाईंच्या मधुमेहाबद्दल फारच थोडे. हे चित्र अजून पुरते बदललेले नाही. घरातल्या पुरुषाची साखर तपासली जाते, त्याची भाकरी मोजून वाढली जाते. वाढणारी बाई मात्र उरलेले संपवते आणि जखम भरेना झाली की दवाखान्यात येते.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले. वय ५८ होत आले होते. पुढच्या सहा वर्षांत त्यांनी होमरूल लीग उभी केली, देशभर दौरे काढले, लखनौ करार घडवला आणि १९१८-१९ मध्ये वर्षाहून अधिक काळ इंग्लंडमध्ये काढला. मधुमेहाची किमान बारा वर्षे अशी गेली, ती इन्सुलिनशिवाय. जुलै १९२० अखेर मुंबईत ताप आला, त्याचा न्यूमोनिया झाला. १ ऑगस्टला मध्यरात्र उलटल्यावर सरदारगृहात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्या रुग्णाला टोचले गेले. पेनिसिलिन तर त्याहून पुढचे.

म्हणूनच या चरित्रातून औषध सोडण्याचा धडा कुणी घेऊ नये. टिळकांपुढे औषधाचा पर्यायच नव्हता, आज तो आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मनाने उपास धरला तर साखर एकाएकी उतरून जीव धोक्यात येऊ शकतो. घ्यायचे ते सातत्य. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी सुमारे ७ टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढेच चालणे.

मराठवाड्याला त्यासाठी परका आहार शोधायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभरा, अंबाडी-मेथीची भाजी, ताक हे पथ्याचेच ताट आहे. फक्त भाकरी मोजावी आणि तिच्याबरोबर भाताचा डोंगर नको. पोटाचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. घरातली टेप त्यासाठी पुरते.

लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांत आज हजारो मुले-मुली दिवसाचे बारा-बारा तास बसून डॉक्टर-इंजिनिअर होण्याची तयारी करतात. खोली, मेस आणि वर्ग, एवढेच त्यांचे फिरणे. त्यांनी टिळकांसारखे अख्खे वर्ष तालमीला द्यावे, असे कुठलाही पालक म्हणणार नाही. रोजचा एक तास मात्र देता येतो. तो परीक्षेनंतरही सोडायचा नाही, एवढे ठरवले तरी पुष्कळ झाले.