मिलवॉकीचा नाकारलेला प्रतिनिधी

१० नोव्हेंबर १९१९ रोजी वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात एक विलक्षण मतदान झाले. विस्कॉन्सिन राज्यातील पाचव्या मतदारसंघाने वर्षभरापूर्वी रीतसर निवडून दिलेले व्हिक्टर बर्जर यांना सभागृहात बसू द्यावे की नाही, एवढाच प्रश्न होता. बसू देऊ नये, या बाजूने ३११ मते पडली. विरोधात पडले ते अवघे एक. जागा रिकामी झाल्याचे जाहीर झाले आणि सुमारे सहा आठवड्यांनी पोटनिवडणूक घेण्यात आली. मतदारांनी पुन्हा बर्जर यांनाच निवडून दिले, तेही आधीपेक्षा अधिक मतांनी. सभागृहाने त्यांना पुन्हा दारातूनच परत पाठवले. मतदारसंघ आणि संसद यांच्यातील असा उघड हट्टाग्रह अमेरिकेच्या इतिहासात फारसा आढळत नाही.

हा मतदारसंघ म्हणजे मुख्यतः मिलवॉकी शहराचा उत्तरेकडील भाग. मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे औद्योगिक शहर बिअरच्या कारखान्यांसाठी देशभर प्रसिद्ध होते. पॅब्स्ट, श्लिट्झ, मिलर ही सारी नावे तिथलीच. १८४८ची क्रांती फसल्यावर देश सोडून आलेले अनेक उदारमतवादी जर्मन येथे स्थायिक झाले, आणि त्यांच्यामागून जर्मन कारागिरांचे लोंढे येत राहिले. शाळा, गायनमंडळे, व्यायामशाळा, वृत्तपत्रे असे त्यांचे एक स्वतंत्र जगच येथे उभे राहिले. कामगारांच्या वस्त्यांना मात्र दुसरीही एक आठवण होती. आठ तासांच्या कामाच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर मे १८८६मध्ये बे व्ह्यू येथे सैनिकांनी गोळीबार केला होता आणि त्यात किमान सात जण ठार झाले होते.

बर्जर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८६० रोजी ऑस्ट्रियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. कुटुंबाची आर्थिक स्थिती ढासळल्यावर १८७८मध्ये सारे अमेरिकेत आले. थोड्याच वर्षांत तरुण व्हिक्टर मिलवॉकीत पोहोचले आणि तेथील सार्वजनिक शाळांत जर्मन भाषा शिकवू लागले. त्यांची एक विद्यार्थिनी, मेटा श्लिश्टिंग, पुढे १८९७मध्ये त्यांची पत्नी झाली. त्या स्वतः १९०९मध्ये शहराच्या शिक्षण मंडळावर निवडून आल्या आणि तीस वर्षे तेथे राहिल्या. बर्जर यांनी मात्र १८९२च्या सुमारास शिक्षकी पेशा सोडला व वृत्तपत्र हाती घेतले. प्रथम जर्मन, मग इंग्रजी, आणि १९११पासून मिलवॉकी लीडर हे दैनिक असा हा प्रवास. लेखणी हीच त्यांची मिळकत आणि लेखणी हेच त्यांचे संकट.

समाजवादी चळवळीत त्यांचे नाव झाले ते एका भेटीमुळे. रेल्वे कामगारांच्या पुलमन संपाबद्दल युजीन डेब्ज १८९५मध्ये वुडस्टॉकच्या तुरुंगात होते. बर्जर त्यांना भेटायला गेले ते मार्क्सचा भांडवलावरील ग्रंथ घेऊन. डेब्ज पुढे समाजवादाकडे वळले आणि १९०१मध्ये स्थापन झालेल्या समाजवादी पक्षाचे सर्वांत लोकप्रिय नेते ठरले. दोघांचे स्वभाव मात्र भिन्न होते. डेब्ज हे व्यासपीठावरचे, तर बर्जर संघटनेतले. क्रांतीची भाषा करण्यापेक्षा नगरपालिका जिंकून स्वच्छ पाणी, गटारे, उद्याने आणि प्रामाणिक हिशेब द्यावा, असे बर्जर यांचे मत होते. या मिलवॉकीकरांना पुढे पक्षातूनच गटारवाले समाजवादी हे कुत्सित नाव मिळाले. शहराने ते फारसे मनावर घेतले नाही. निवडणूक जवळ आली की कार्यकर्ते रविवारी भल्या पहाटे बाहेर पडत आणि घरातल्यांच्या भाषेतले पत्रक दारात ठेवून येत.

ही मेहनत १९१०मध्ये फळाला आली. एप्रिलमध्ये एमिल सायडेल हे महापौर झाले आणि बर्जर नगरसेवक. नोव्हेंबरमध्ये पाचव्या मतदारसंघाची निवडणूक लागली. रिपब्लिकन पक्षाने आपले विद्यमान प्रतिनिधी विल्यम स्टॅफर्ड यांना उमेदवारी नाकारली होती. तिरंगी लढतीत बर्जर काहीशे मतांनी निसटते विजयी झाले आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये पहिल्यांदाच समाजवादी सदस्याने पाऊल टाकले. स्टॅफर्ड हे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण पुढची अठरा वर्षे ही जागा जणू या दोघांमध्येच फिरत राहिली.

एकट्या सदस्याला सभागृहात करण्यासारखे फार नसते. तरीही १९११मध्ये बर्जर यांनी वृद्धांना निवृत्तिवेतन देणारे विधेयक मांडले. साठ वर्षांवरील गरजू व्यक्तीला आठवड्याला चार डॉलर, असा तो प्रस्ताव. तो कोणी गंभीरपणे घेतला नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा झाला तो १९३५मध्ये. सिनेट हे वरिष्ठ सभागृहच रद्द करावे, हा त्यांचा दुसरा ठराव तर थट्टेचा विषय झाला. मात्र १९१२मध्ये लॉरेन्स येथील कापड गिरण्यांचा संप चिघळला आणि संपकऱ्यांची मुले घेऊन निघालेल्या स्त्रियांवर पोलिसांनी स्थानकावर लाठ्या चालवल्या, तेव्हा बर्जर यांच्या आग्रहामुळे काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. गिरणीतील मुले स्वतः वॉशिंग्टनला आली. यंत्रात केस अडकून टाळूची कातडी सोलवटलेल्या एका मुलीची जबानी अध्यक्ष टॅफ्ट यांच्या पत्नीच्या उपस्थितीत झाली. बर्जर यांच्या पहिल्या कारकिर्दीतील सर्वांत परिणामकारक काम कोणते, याचे उत्तर या सुनावणीतच शोधावे लागते.

मात्र बर्जर यांच्या विचारांत एक मोठे वैगुण्य होते, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. कृष्णवर्णीयांना त्यांनी १९०२मध्ये आपल्या पत्रातून उघडपणे हीन लेखले होते, आणि आशियाई मजुरांना अमेरिकेत येऊ देऊ नये, असे ते पक्षाच्या अधिवेशनांत हिरीरीने मांडत. उतारवयात त्यांनी झुंडबळींविरुद्धच्या कायद्याला पाठिंबा दिला. तथापि जुने लिखाण पुसले जात नाही.

१९१२मध्ये स्टॅफर्ड परतले. त्या वर्षी, १९१४ला आणि १९१६लाही त्यांनी बर्जर यांचा पराभव केला. मग एप्रिल १९१७मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. विस्कॉन्सिनच्या अकरापैकी नऊ प्रतिनिधींनी युद्धघोषणेच्या विरोधात मत दिले. त्यांत स्टॅफर्डही होते. म्हणजे युद्ध नको, हे मत या भागात एकट्या समाजवाद्यांचे नव्हते. पण समाजवादी पक्षाने ते जाहीर ठरावाने मांडले आणि लीडर रोज छापत राहिला. ऑक्टोबर १९१७मध्ये टपाल खात्याने या पत्राची सवलतीची टपालसेवा काढून घेतली. पाच अग्रलेखांच्या आधारे हेरगिरी कायद्याखाली बर्जर यांच्यावर खटला भरला गेला. आरोपपत्राची बातमी मार्च १९१८मध्ये फुटली. त्या वेळी ते सिनेटच्या एका जागेसाठी उभे होते. ती जागा मिळाली नाही, पण आरोपी असलेल्या या उमेदवाराला राज्यभरातून एक लाखाहून अधिक मते पडली.

नोव्हेंबर १९१८मध्ये पाचव्या मतदारसंघाने त्यांना पुन्हा काँग्रेसवर पाठवले. सुमारे अठरा हजार मते त्यांना मिळाली. डेमोक्रॅटिक उमेदवार कार्नी दुसरे आले आणि स्टॅफर्ड तिसऱ्या क्रमांकावर ढकलले गेले. पुढच्या महिन्यात शिकागोत न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांच्यापुढे खटला उभा राहिला. जर्मन वंशाच्या अमेरिकनांबद्दल या न्यायाधीशांच्या मनात पूर्वग्रह आहे, तेव्हा त्यांनी बाजूला व्हावे, असे प्रतिज्ञापत्र आरोपींनी दिले होते. लँडिस बाजूला झाले नाहीत. फेब्रुवारी १९१९मध्ये बर्जर आणि चार सहकाऱ्यांना वीस वर्षांची सजा सुनावण्यात आली. अपील प्रलंबित असल्याने ते जामिनावर होते.

त्याच वर्षी मे महिन्यात ते शपथ घ्यायला गेले तेव्हा त्यांना थांबवण्यात आले. त्यासाठी आधार शोधला गेला तो राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा. यादवी युद्धानंतर, १८६८मध्ये झालेल्या या दुरुस्तीत असे कलम आहे की, घटनेची शपथ घेतल्यावर जो बंडात सामील होईल किंवा देशाच्या शत्रूंना साहाय्य करील, त्याला पुन्हा पद भूषवता येणार नाही. मूळ रोख दक्षिणेतील बंडखोर नेत्यांवर होता. बर्जर यांनी १९११मध्ये शपथ घेतली होती, म्हणून ते या कलमात बसवले गेले. शत्रूला साहाय्य म्हणजे काय, तर वृत्तपत्रातले लेख. दुसऱ्या क्रमांकावरील कार्नी यांनी ती जागा आपल्याला मिळावी, असा दावा केला. सभागृहाने तोही फेटाळला. विरोधातले ते एकमेव मत विस्कॉन्सिनच्याच शेबॉयगनचे रिपब्लिकन सदस्य एडवर्ड व्हॉइट यांचे होते. ते समाजवादी नव्हते. जर्मनीत जन्मलेल्या माणसाने त्या दिवसांत ते मत देणे सोपे नव्हते.

१९ डिसेंबर १९१९च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकत्र आले व त्यांनी बोडेनश्टाब या एकाच उमेदवाराच्या पाठीशी बळ उभे केले. मतविभागणीचा फायदा बर्जर यांना मिळू द्यायचा नाही, हा हिशेब सरळ होता. तो चुकला. बर्जर यांना चोवीस हजारांहून अधिक मते मिळाली आणि ते हजारोंच्या फरकाने निवडून आले. या मतदारांपैकी प्रत्येक जण समाजवादी झाला होता, असे मानण्याचे कारण नाही. आपला प्रतिनिधी कोण, हे आपण ठरवायचे की वॉशिंग्टनने, हा प्रश्न आता मतपेटीत शिरला होता. १० जानेवारी १९२० रोजी सभागृहाने ३३० विरुद्ध ६ मतांनी बर्जर यांना पुन्हा नाकारले. दुसरी पोटनिवडणूक झालीच नाही. मार्च १९२१पर्यंत ती खुर्ची रिकामी राहिली. शिक्षा बर्जर यांना द्यायची होती. प्रत्यक्षात दोन वर्षे प्रतिनिधीवाचून राहिला तो उत्तर मिलवॉकीतील सामान्य नागरिक.

नोव्हेंबर १९२०च्या रिपब्लिकन लाटेत स्टॅफर्ड पुन्हा जिंकले. जानेवारी १९२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बर्जर यांची शिक्षा रद्द केली. लँडिस यांनी तो खटला चालवायलाच नको होता, हे त्यामागचे कारण. लेख गुन्हेगारी स्वरूपाचे होते की नव्हते, या मूळ प्रश्नात न्यायालय शिरले नाही. टपालसेवेच्या दाव्यात तर लीडर त्याच वर्षी हरला, जरी होम्स आणि ब्रँडाइस या दोन न्यायमूर्तींनी वेगळे मत नोंदवले. सरकारने १९२२मध्ये उरलेले खटले मागे घेतले आणि त्याच वर्षी बर्जर यांनी स्टॅफर्ड यांना हरवले. डिसेंबर १९२३मध्ये ते सभागृहात आले तेव्हा कोणीही हरकत घेतली नाही. माणूस तोच होता, लेखही तेच होते. बदलली होती ती केवळ हवा.

१९२४ आणि १९२६मध्येही ते निवडून आले. व्हर्सायच्या तहाचा फेरविचार, दारूबंदी शिथिल करणे, वृद्धांचे निवृत्तिवेतन हे त्यांचे या काळातील विषय. डेब्ज १९२६मध्ये वारले आणि पक्षाची धुरा बर्जर यांच्याकडे आली. पक्ष मात्र तोवर क्षीण झाला होता. १९२८मध्ये स्टॅफर्ड यांनी त्यांना थोडक्या मतांनी मागे टाकले. ही त्या दोघांची शेवटची लढत.

१६ जुलै १९२९ रोजी मिलवॉकीत रस्ता ओलांडताना बर्जर यांना ट्रामची धडक बसली. या ट्राम खासगी कंपनीकडून शहराच्या ताब्यात घ्याव्यात, अशी मागणी त्यांचा पक्ष वर्षानुवर्षे करत होता. ७ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव शहराच्या सभागृहात ठेवण्यात आले आणि हजारो लोक रांगेने दर्शन घेऊन गेले.

एखादा निवडून आलेला सदस्य घटनेतील पात्रतेच्या अटी पूर्ण करत असेल, तर सभागृहाला त्याला आत येण्यापासून रोखता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये न्यूयॉर्कच्या ॲडम क्लेटन पॉवेल यांच्या प्रकरणात दिला. चौदाव्या दुरुस्तीचे ते कलम मात्र कायम राहिले. जानेवारी २०२१मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनावर झालेल्या हल्ल्यानंतर ते पुन्हा चर्चेत आले, तेव्हा कायद्याच्या अभ्यासकांना उदाहरणासाठी बर्जर यांच्यापर्यंत मागे जावे लागले. दरम्यान मतदारसंघांच्या सीमा अनेकदा बदलल्या. २००३पासून विस्कॉन्सिनचा पाचवा मतदारसंघ म्हणजे मिलवॉकीच्या बाहेरची उपनगरे आणि गावे असून, तेथून रिपब्लिकन उमेदवारच निवडून येत आले आहेत. बर्जर यांचे शहर चौथ्या क्रमांकाच्या मतदारसंघात गेले.