स्लो लाइनचं गणित मांडणारा माणूस: लॉर्ड केल्विन

आज कुठल्या फोनचा रिव्ह्यू नाही, ॲपही नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगतो. हा माणूस वारला त्याला शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली. पण गोष्ट शेवटी तुमच्या घरच्या नेटपाशीच येते, म्हणून पूर्ण वाचा.

आधी माझी अडचण सांगतो. माझं घर दापोली तालुक्यातल्या बुरोंडीत. परशुरामाचा मोठा पुतळा बघायला आला असाल तर गाव पाहिलं असेल. आमचं घर उतारावर, खाली वाडी, पलीकडे समुद्र आणि पाठीमागे डोंगर. बघायला एक नंबर, पण रेंजच्या नावाने बोंब. तेव्हा आमच्याकडे नेटचे पर्याय दोनच होते. एक जुनी तांब्याच्या तारेची लँडलाइन आणि दुसरा डोंगराच्या आडोशाला असलेला एक मोबाईल टॉवर.

जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या. बाबांनी नवी रोपं लावली. पोफळीचं रोप काही वर्षं जपावं लागतं, तेव्हा कुठे सुपारी दिसते. २०२२ मध्ये माझ्या ऑफिसने सगळ्यांना पुण्याला परत बोलावलं. मी घरून काम करायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण अट होती: महिनाभरात माझे कॉल तुटायचे बंद झाले पाहिजेत. नाही झाले तर मी पुण्यात आणि बाबा एकटे वाडीत.

मी लगेच एक सिग्नल बूस्टर ऑनलाइन शोधून कार्टमध्ये टाकला. सिग्नल कमी आहे ना, मग जोर वाढवायचा, एवढंच माझं लॉजिक. इंजिनिअरिंगची डिग्री असून! त्याच आठवड्यात मी समुद्राखालच्या केबलचा इतिहास वाचत बसलो आणि त्यात हा माणूस भेटला.

दहाव्या वर्षी विद्यापीठात

विल्यम थॉमसन २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्टला जन्मला. तो सहा वर्षांचा असताना आई गेली. वडील गणित शिकवायचे. १८३२ मध्ये त्यांना ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकाची नोकरी मिळाली आणि सगळं कुटुंब स्कॉटलंडला आलं. विल्यम तिथे दहाव्या वर्षीच वर्गात बसू लागला.

सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याच्या हातात फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचं पुस्तक आलं. विषय होता, उष्णता एखाद्या वस्तूतून कशी पसरते. लोखंडी सळईचं एक टोक तापवलं तर दुसरं टोक किती वेळाने आणि किती तापेल, याचं गणित त्यात होतं. विल्यमला ते इतकं आवडलं की पुढे आयुष्यभर त्याने ते वापरलं. केंब्रिजचं शिक्षण संपवून १८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो ग्लासगोला प्राध्यापक झाला आणि त्याच खुर्चीवर ५३ वर्षं राहिला. १८४८ मध्ये त्याने तापमानाचं निरपेक्ष माप मांडलं. शाळेत आपण केल्विन हे एकक शिकतो, ते याच्याच नावावरून. पण ते नाव त्याला खूप उशिरा मिळालं. त्याच्या आधी आला समुद्र.

केबल म्हणजे वाडीतला पाट

१८५० च्या दशकात जमिनीवरची तारयंत्रं मस्त चालत होती. पण समुद्राखालच्या लांब केबलमध्ये एक विचित्र गोष्ट दिसायची. एका टोकाला झटकन दिलेला ठोका दुसऱ्या टोकाला हळूहळू फुगत यायचा आणि हळूहळू ओसरायचा. दोन ठोके पटापट दिले तर ते एकमेकांत मिसळून जायचे.

हे समजायला आमच्या वाडीतला पाट बघा. विहिरीपाशी पाणी सोडलं की ते लगेच शेवटच्या पोफळीला मिळत नाही. आधी पाटाची माती भिजते, मग पाणी पुढे सरकतं. विहिरीपाशी तुम्ही पाणी भराभर सोडलं-बंद केलं, तरी शेवटच्या झाडाला ते कळत नाही. तिथे नुसती एक संथ धार येते. केबलचंही तसंच. आत तांबं, भोवती गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं आवरण आणि बाहेर खारं पाणी. हा झाला हजारो किलोमीटर लांबीचा कपॅसिटर. तो भरल्याशिवाय पलीकडे काही पोचत नाही.

थॉमसनच्या लक्षात आलं की हे फूरियेचंच गणित आहे, फक्त उष्णतेच्या जागी वीज. १८५४-५५ मध्ये त्याने उत्तर काढलं: केबलची लांबी दुप्पट केली तर उशीर दुप्पट नाही, चौपट होतो. तिप्पट केली तर नऊपट. उपायही त्याच गणितात होता. तांबं जाड आणि शुद्ध घ्या, आवरण जाड करा आणि पलीकडच्या टोकाला अगदी बारीक सिग्नल ओळखणारं यंत्र ठेवा.

जोर लावणारा माणूस

१८५६ मध्ये आयर्लंड ते न्यू फाउंडलंड अशी अटलांटिकखालून केबल टाकायला कंपनी निघाली. तिचा मुख्य विद्युततज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस. पेशाने तो सर्जन होता आणि विजेचे प्रयोग हौसेने करायचा. त्याला थॉमसनचा नियम मान्य नव्हता. त्याचं म्हणणं, बारीक तार चालेल, मोठा व्होल्टेज द्या. कंपनीला ते स्वस्त पडत होतं. थॉमसन कंपनीच्या संचालक मंडळावर होता, पण केबलची ऑर्डर आधीच गेली होती.

तरी तो चिडून घरी बसला नाही. कारखान्यातून येणाऱ्या तांब्याचे नमुने त्याने तपासले. दिसायला सारख्या तारांमध्ये वीज वाहून न्यायची क्षमता खूप कमी-जास्त निघाली. मग त्याने प्रत्येक तुकडा तपासूनच घ्यायचा आग्रह धरला. मोहिमेवर व्हाइटहाउस तब्येतीचं कारण देऊन जहाजावर गेला नाही. त्याच्या जागी थॉमसन गेला, तेही पगाराशिवाय. १८५७ मध्ये केबल तुटली. १८५८ च्या जूनमध्ये भयंकर वादळ लागलं आणि केबल पुन्हा पुन्हा तुटली. शेवटी ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही खंड जोडले गेले.

याच काळात थॉमसनने आपलं यंत्र बनवलं, आरशाचा गॅल्व्हानोमीटर. रेशमाच्या धाग्याला एक इवलासा आरसा टांगलेला, त्याच्या पाठीला बारीक चुंबक. तारेतून किंचितही वीज आली की आरसा हलतो आणि त्याच्यावर पडलेला दिव्याचा कवडसा भिंतीवरच्या पट्टीवर सरकतो. आरशाची हालचाल डोळ्याला दिसणार नाही इतकी कमी, पण कवडसा स्पष्ट सरकतो.

१६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवला. शब्द ९८, वेळ लागला १६ तास. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं! तुमचं व्हॉट्सॲपवरचं एक घड्याळाचं चिन्ह आठवा.

पण एवढ्या संथ लाइनचाही उपयोग झाला. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातल्या ब्रिटिश पलटणींना निघायचे हुकूम गेले होते. आता त्यांची गरज नाही, हे केबलवरून कळवलं आणि सरकारचे हजारो पौंड वाचले.

आणि व्हाइटहाउस? केबलमधून सिग्नल नीट येत नाही म्हटल्यावर त्याने मोठी इंडक्शन कॉइल लावून सुमारे २००० व्होल्ट दिले. केबल आधीच कमजोर होती, काही ठिकाणी आवरण खराब झालेलं होतं. त्या जोराने उरलंसुरलं आवरणही गेलं. काही आठवड्यांतच केबल कायमची गप्प झाली. कंपनीने त्याला काढून टाकलं. पुढे सरकार आणि कंपनीने मिळून चौकशी केली, तेव्हा थॉमसनचं गणित बरोबर ठरलं.

इथपर्यंत वाचून मी कार्ट उघडला आणि बूस्टर काढून टाकला. माझ्या आणि व्हाइटहाउसच्या लॉजिकमध्ये मला काहीच फरक दिसेना. नंतर कळलं की भारतात परवानगीशिवाय मोबाईल सिग्नल बूस्टर लावणं बेकायदा आहे आणि त्याचं कारणही हेच. तो सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो, टॉवरला त्रास होतो आणि शेजाऱ्यांचंही नेट बिघडतं. वाडीतल्या दहा घरांना एकच टॉवर असेल तर विचार करा.

पुन्हा समुद्र, आणि मुंबई

१८६५ मध्ये ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजातून नवी केबल टाकायला घेतली. या वेळी तांबं जवळजवळ तिप्पट होतं आणि आवरणही जाड होतं. तीही अर्ध्या समुद्रात तुटली! पुढच्या वर्षी, जुलै १८६६ मध्ये, केबल पोचली आणि तुटलेली आदल्या वर्षीची केबलही खोल समुद्रातून वर काढून पूर्ण केली. वेग सुरुवातीला मिनिटाला साधारण ८ शब्द. कुठे दहा मिनिटांना एक आणि कुठे हे! त्यासाठी व्होल्टेजचा मारा करावा लागला नाही. कोडही बदललं होतं. लांब-आखूड ठोक्यांऐवजी कवडसा डावीकडे किंवा उजवीकडे, दोन्ही सारख्याच वेळाचे. म्हणजे लांब ठोक्याचा वेळ वाचला. थॉमसनला सर ही पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी त्याने सिग्नल कागदावर शाईने उमटवणारं यंत्रही काढलं.

१८७० मध्ये तीच ग्रेट ईस्टर्न आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आली आणि तिथून एडनपर्यंत केबल टाकली. लंडन-मुंबई समुद्रमार्गे जोडली गेली. आजही भारताच्या इंटरनेटचा मोठा भाग मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या केबलमधूनच येतो. आता आत तांब्याऐवजी काच आहे आणि विजेऐवजी प्रकाश, म्हणून चौपट उशिराचा तो नियम तिथे लागत नाही.

जिथे तो चुकला

हा माणूस देव नव्हता. १८६० च्या सुमारास बर्फावर खेळताना त्याचा पाय मोडला आणि तो कायमचा लंगडला. पहिली बायको मार्गारेट अनेक वर्षं आजारी राहून १८७० मध्ये गेली. पेटंटमधून भरपूर पैसा आला, त्यातून त्याने शिडाची नौका घेतली. १८९२ मध्ये तो लॉर्ड झाला आणि विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव त्याने घेतलं.

त्याच फूरियेच्या गणिताने त्याने पृथ्वीचं वय काढलं आणि शेवटी २ ते ४ कोटी वर्षं असा आकडा दिला. खरं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. सूत्र चुकलं नव्हतं, पण पृथ्वीच्या पोटात काय चाललंय याची माहिती अपुरी होती आणि तरी तो अडून बसला. १७ डिसेंबर १९०७ रोजी तो वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनच्या जवळ त्याला पुरलं.

मग माझ्या नेटचं काय झालं?

केल्विनच्या पद्धतीने मी चार कामं केली. तुम्हीही करू शकता.

१. आधी मोजलं. आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र स्पीड टेस्ट घेतली. डाउनलोड, अपलोड आणि पिंग वहीत लिहिलं, घराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एका टेस्टवर विश्वास ठेवला नाही, कारण आकडा अपुरा असेल तर केल्विनसारखा माणूसही फसतो. लँडलाइनचं कारण पण कळलं: एक्सचेंज लांब. तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड चार-पाच किलोमीटरनंतर जवळजवळ दम तोडतं. तिथे प्लॅन महाग घेऊन काही उपयोग नव्हता.

२. ऐकणारं टोक सुधारलं. टॉवरला ओरडून सांगण्यापेक्षा त्याचं बारीक बोलणं नीट ऐकायचं. सिमवर चालणारा ४जी राउटर घेतला आणि माळ्यावर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवला. बाहेर दिशा धरणारा साधा अँटेना लावला, राउटरपर्यंतची वायर शक्य तितकी आखूड ठेवली. हा अँटेना बूस्टर नाही, तो जोर वाढवत नाही.

३. कमी ढकललं. राउटरच्या सेटिंगमध्ये अपलोडला मोजलेल्या वेगाच्या साधारण ८५ टक्क्यांवर मर्यादा घातली. वाटतं उलटं, पण रांग तुंबली नाही की कॉलचा आवाज तुटत नाही. फोनचा फोटो बॅकअप आणि अपडेट रात्री दोन वाजता लावले.

४. कोड बदलला. कॉलवर व्हिडिओ बंद, फक्त आवाज. मोठं काम ऑफिसच्या सर्व्हरवरच चालवायचं, घरी फक्त स्क्रीनवरची अक्षरं आणायची.

नेट पुण्यासारखं झालं नाही. भर पावसात अजून रडतं, लाइट गेली की बोलायलाच नको. पण महिना संपला तेव्हा कॉल टिकत होते आणि मी बुरोंडीतच राहिलो. बाबांना केल्विन कोण हे मी पाटाच्या कडेला बसून सांगितलं. केबल भरायला वेळ लागतो हे त्यांना लगेच पटलं, पण त्यासाठी एवढा शिकलेला माणूस कशाला लागला, हे काही पटलं नाही.

तर मित्रांनो, तुमच्याकडेही एकच लाइन असेल तर नवीन काही विकत घेण्याआधी एक वही घ्या आणि आठवडाभर मोजा.