मज्जातंतूंची वाट

स्पेन देशाच्या उत्तरेस पेतीया नावाचे एक डोंगराळ खेडे आहे. तेथे १८५२ साली एका शस्त्रवैद्याच्या घरी सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. सांतियागो लहानपणी मोठा द्वाड होता. अकराव्या वर्षी त्याने लाकडाची तोफ केली आणि खरी दारू ठासून शेजाऱ्याच्या बागेचे दार फोडले. त्यापायी त्याला तुरुंगाची हवा खावी लागली!

त्याला खरे वेड होते ते चित्रे काढण्याचे. वडिलांना मात्र हा नाद मुळीच रुचत नसे. मुलाने वैद्य व्हावे, हा त्यांचा हट्ट. शिक्षा म्हणून त्यांनी त्याला न्हाव्याकडे व चांभाराकडे कामालाही ठेवले. पुढे हाडांची चित्रे रेखाटता रेखाटता मुलगा शरीरशास्त्रात रमला, तेव्हा कोठे पितापुत्रांचा तंटा मिटला.

१८८७ साली इटलीतील शास्त्रज्ञ गोल्जी यांची एक रीत काहाल यांच्या पाहण्यात आली. चांदीच्या क्षाराने मेंदूचा तुकडा रंगविला, की असंख्य पेशींपैकी थोड्याच पेशी काळ्याभोर उमटतात. तरीही मोठ्या प्राण्याच्या मेंदूत तंतूंचा गुंता फार. गुंतलेले सूत सोडवीत बसण्यापेक्षा ते कातले जात असतानाच का पाहू नये? म्हणून काहाल यांनी अंड्यातील कोंबडीची पिले घेतली.

१८९० साली पिलाच्या मज्जारज्जूत त्यांना वाढत्या तंतूचे टोक दिसले. ते शंकूसारखे फुगीर असून त्याला बोटांसारखे बारीक फाटे होते. हे टोक पाठीकडून पोटाकडे नेमके कसे जाते? त्याला ना डोळे, ना कान! १८९२ साली काहाल यांनी उत्तर सुचविले. काही पेशी एखादे द्रव्य सोडीत असाव्यात. ते उगमाशी दाट व दूर विरळ असते. मुंगी गुळाच्या वासाने जाते, तसे ते टोक दाट बाजूकडे वळत असावे.

काहाल यांच्यापुढे होते ते मृत शरीराचे रंगविलेले काप. जिवंत टोक हलताना त्यांनी पाहिले नव्हते. चित्रकाराच्या नजरेने त्यांनी स्थिर चित्रातली गती ओळखली. १९०७ साली अमेरिकेत हॅरिसन यांनी बेडकाचा जिवंत तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. त्याआधीच, १९०६ साली, काहाल यांना गोल्जी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले होते. गंमत अशी, की मज्जापेशी सुट्या असतात हे काहाल यांचे मत गोल्जी यांना अखेरपर्यंत पटले नाही.

१९३४ साली काहाल निवर्तले. ते द्रव्य मात्र कोणाच्याच हाती आले नव्हते. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी हजारो कोंबडीच्या पिलांच्या मेंदूंतून तसे एक प्रथिन वेगळे केले. वाट दाखविणारा या अर्थाच्या ‘नेतृ’ या संस्कृत शब्दावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले नेट्रिन. ते काही तंतूंना ओढते, तर काहींना दूर लोटते. ते दुरून खुणावते, की वाटेतच तंतूला धरून नेते, याविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.