सावित्रीबाईंच्या पाठीवरचे मूल

माझ्या वर्गमित्रांनो आणि आमची शाळा बघायला आलेल्या पालकांनो, मी इयत्ता चौथीत शिकतो. या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. कुणी शिवाजी महाराज घेतले. कुणी गाडगेबाबा घेतले. मी सावित्रीबाई फुले घेतल्या. तेव्हा काही मुलं हसली. सावित्रीबाई मुलींनी घ्यायच्या असतात असं ती म्हणत होती. मी काही बोललो नाही. मी सावित्रीबाई का घेतल्या ते शेवटी सांगणार आहे.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी नायगाव येथे झाला. हे गाव सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव खंडोजी नेवसे पाटील. 1840 साली त्यांचे लग्न जोतीराव फुले यांच्याशी झाले. तेव्हा सावित्रीबाई फक्त 9 वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान! त्या काळी मुलींना शाळेत घालत नसत. लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना शिकवले. मग 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकायचे. म्हणून त्या पिशवीत एक जास्तीचे लुगडे घेऊन जात. शाळेत पोचल्या की लुगडे बदलायचे आणि शिकवायला लागायचे.

एवढी गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. 3 जानेवारीला भाषणात सगळे हेच सांगतात. मीपण दुसरीत असताना हेच सांगितले होते. पण वाचनपेटीतल्या पुस्तकात मला पुढची गोष्ट वाचायला मिळाली. ती भाषणात कुणी फारशी सांगत नाही. सावित्रीबाई संकटाच्या वेळी काय करत होत्या, त्याची ती गोष्ट आहे.

त्या काळात विधवा बायकांचे फार हाल होत. एका विधवेने लोकांच्या भीतीने आपल्या बाळाला मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे ऐकून जोतीराव आणि सावित्रीबाईंना फार वाईट वाटले. 1863 साली त्यांनी आपल्या स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. ज्या बाईला कुणी घरात घेत नाही तिने इथे यावे, बाळंत व्हावे, तिला कुणी नावे ठेवणार नाही. सावित्रीबाई त्या बायकांची बाळंतपणे स्वतः करायच्या. 1884 सालापर्यंत अशा 35 बायका त्यांच्याकडे येऊन गेल्या. त्यातल्याच एका बाईचा मुलगा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. त्याला त्यांनी शिकवून डॉक्टर केले. हा यशवंत पुढे गोष्टीत परत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता दुष्काळाचे सांगतो. 1876 साली पाऊस पडला नाही. पुणे, नगर, सातारा, सोलापूर सगळीकडे शेतं करपून गेली. 1877 सालीही फार हाल झाले. गुरं मेली. माणसं घरदार सोडून वाट फुटेल तिकडे चालायला लागली. सरकारने रस्ते करायची, खडी फोडायची कामे काढली. ज्याच्या अंगात ताकद होती तो काम करून मजुरी घ्यायचा. पण म्हाताऱ्या माणसाने खडी कशी फोडायची? आणि ज्या पोराचे आईबाप वाटेतच मेले त्याने काय करायचे? हे मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या की हाच प्रश्न सावित्रीबाईंना पडला असणार.

जोतीराव आणि त्यांच्या सोबत्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता. दुष्काळात या समाजाच्या लोकांनी पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी आश्रम काढला. तिथे शेकडो मुलांना रोज जेवण मिळायचे. मूल कुठल्या जातीचे, कुठल्या गावचे, हे बघत नसत. भूक लागली आहे ना, मग बसा पंगतीला. एवढ्या मुलांचा स्वयंपाक म्हणजे किती भाकरी थापाव्या लागत असतील! आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी विचारले. त्या म्हणाल्या की आमच्या एवढ्याशा शाळेलाच हात दुखून येतात.

सावित्रीबाई नुसत्या पुण्यात बसून राहिल्या नाहीत. त्या जुन्नर भागात ओतूरला गेल्या. तिथून 20 एप्रिल 1877 रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. दुष्काळाने माणसांचे आणि जनावरांचे काय हाल झाले आहेत, सावकार कसे वागतात, हे सगळे त्या पत्रात आहे. मदत करणाऱ्या सत्यशोधकांनाच तिथे पकडून ठेवले होते. सावित्रीबाई घाबरल्या नाहीत. त्या थेट कलेक्टरसाहेबांना भेटल्या आणि खरी हकीगत त्यांना सांगितली. मग साहेबांनी पकडलेली माणसे सोडली आणि लोकांसाठी चार बैलगाड्या ज्वारी पाठवली. त्या वेळी एका बाईने साहेबापुढे जाऊन बोलायचे म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मला तर शाळा तपासायला साहेब आले तरी पाढे आठवत नाहीत.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेत पुढे मडके धरायचा मान पुरुषाचा, अशी रीत होती. सावित्रीबाईंनी ते मडके स्वतः धरले. त्यानंतर त्यांनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालवले. 1893 साली सासवडला समाजाची सभा झाली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या.

आता शेवटचे संकट. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. तिथून ती पुण्यात आली. प्लेग झाला की काखेत, जांघेत गाठ यायची, खूप ताप चढायचा आणि काही दिवसांत माणूस दगावायचा. आमची आजी सांगते की तिच्या आजीच्या वेळी घरात उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून रानात खोपी घालून राहत. तेव्हा प्लेग कशामुळे पसरतो हे कुणालाच माहीत नव्हते. उंदराच्या अंगावरच्या पिसवा चावल्यामुळे तो माणसाला होतो, हे 1898 साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी शोधले. आता प्लेगवर औषधे आहेत आणि वेळेवर दिली तर रोगी बरा होतो. पण 1897 साली असे औषध नव्हते. म्हणून लोक फार भ्यायचे. भाऊ भावाजवळ जायचा नाही. ज्याला घरात माणसं नाहीत, पैसे नाहीत, त्याच्याकडे तर कुणीच बघायचे नाही.

सावित्रीबाई तेव्हा 66 वर्षांच्या होत्या. आमची आजी एवढ्याच वयाची आहे. ती जिना चढताना गुडघे धरते. सावित्रीबाईंनी या वयात घरात बसायचे तर यशवंतला बोलावून घेतले. तो तेव्हा सैन्यात डॉक्टर होता. पुण्याजवळ हडपसरला ससाणे यांच्या मळ्यात त्याने प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. गावापासून लांब, मोकळ्या हवेत. सावित्रीबाई स्वतः फिरून आजारी माणसे शोधायच्या आणि दवाखान्यात आणायच्या. म्हणजे रोगी येईल तेव्हा बघू असे नाही. जो येऊ शकत नाही त्याच्याकडे आपण जायचे.

अशातच त्यांना कळले की मुंढव्याला गायकवाडांच्या घरातला एक मुलगा प्लेगने आजारी आहे. त्यांचे घर गावाबाहेरच्या वस्तीत होते. त्या काळी या वस्तीतल्या माणसांना लोक अस्पृश्य म्हणत आणि शिवत नसत. मग प्लेग झालेल्या मुलाला कोण हात लावणार? सावित्रीबाई तिथे गेल्या. त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि तशाच चालत दवाखान्यात घेऊन आल्या. तो मुलगा बरा झाला. पण सावित्रीबाईंना प्लेग झाला. 10 मार्च 1897 रोजी त्या वारल्या.

यशवंत डॉक्टरही पुढे 1905 साली पुन्हा प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेले. ज्या मुलाला सावित्रीबाईंनी घरात घेतले होते तोसुद्धा त्यांच्यासारखाच निघाला.

आज नायगावला त्यांचे स्मारक आहे. पुण्याच्या विद्यापीठाला 2014 साली त्यांचे नाव दिले. पण मला त्यांची आठवण आली की पुतळा दिसत नाही. मला ती वाट दिसते आणि पाठीवर ते मूल दिसते.

आता मी सावित्रीबाई का घेतल्या ते सांगतो. हे लिहू की नको असे मला वाटत होते. बाई म्हणाल्या की खरे असेल तर लिही.

मागच्या पावसाळ्यात आपल्या ओढ्याला पूर आला होता, ते सगळ्यांना आठवत असेल. रात्री भोंग्यावरून सांगितले की सगळ्यांनी शाळेत या. आमच्या आजीला कमी ऐकू येते. आई तिला उठवायला गेली म्हणून ती उठली, नाहीतर भोंगा तिला ऐकूच आला नसता. आम्ही सगळे शाळेत आलो. आमच्याच वर्गात आम्ही दोन रात्री झोपलो. मला तर गंमतच वाटत होती.

ओढ्याच्या पलीकडे पाल ठोकून काही घरे राहतात. त्यातला एक मुलगा माझ्या बाकावर बसतो. त्याची पालं वाहून गेली. ती माणसं रात्रभर पुलाजवळच्या चढावर पावसात उभी होती. त्यांच्याकडे भोंगा ऐकू जात नाही. सकाळी ती शाळेपर्यंत आली, पण आत आली नाहीत. फाटकाबाहेर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी शिधा वाटायला माणसं आली. त्यांच्याकडे यादी होती. रेशनकार्ड बघून नाव वाचायचे आणि पिशवी द्यायची. माझा मित्र रांगेत उभा राहिला. त्याचे नाव यादीत नव्हते आणि कार्डही नव्हते. त्यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितले. मी रांगेत त्याच्या मागेच होतो. हा आमच्या वर्गातला आहे, इथलाच आहे, एवढे सांगायला मला काय झाले होते? पण मी गप्प बसलो. मला वाटले की आपण बोललो तर आपलीही पिशवी जाईल. त्याने माझ्याकडे बघितले आणि तो निघून गेला. नंतर आमच्या आईने आमच्यातले पीठ आणि डाळ त्याच्या आईला नेऊन दिली. पण ते आईने केले, मी नाही केले.

तो मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा त्याच्याकडे दप्तर नव्हते. मी त्याला माझी एक वही दिली. त्याने ती घेतली, पण मला बरे वाटले नाही.

म्हणून सावित्रीबाईंचे चरित्र वाचताना मी मुंढव्याच्या मुलाशी आलो आणि तिथेच थांबलो. तो मुलगाही कुणाच्या यादीत नसणार. त्याच्याकडेही कार्ड नसणार. सावित्रीबाईंनी त्याचे काहीच विचारले नाही.

मी हे सगळे बाईंना सांगितले. बाई रागावल्या नाहीत. आमच्या वर्गाने मग एक काम केले. आम्ही गटागटाने सगळ्या गावात फिरलो आणि वहीत लिहून आणले. कोणत्या घरात चालता न येणारे माणूस आहे, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाच्या घरी तान्हे बाळ आहे, कोण म्हातारे माणूस एकटेच राहते. ओढ्यापलीकडची पालंसुद्धा लिहिली. ती लिहायला मी आणि माझा बाकावरचा मित्र दोघे गेलो होतो. त्याच्या आईने आम्हाला चहा दिला. अशी सगळी मिळून 31 घरे झाली. बाईंनी तो कागद ग्रामपंचायतीत दिला. पुढच्या वेळी पूर आला तर भोंगा वाजवून थांबायचे नाही, या 31 घरी माणूस पाठवायचा, असे सरपंचांनी कबूल केले आहे. पालकांनो, तुमच्या शेजारचे कुणाचे घर राहिले असेल तर बाईंना सांगा. आम्ही ते वाढवू.

मित्रांनो, आपल्याला कुणाला पाठीवर घेऊन लांब चालता येणार नाही. आपण लहान आहोत. पण हा आमच्यातला आहे, एवढे मोठ्याने सांगता येते. पुढच्या वेळी मी ते सांगणार आहे. माझा मित्र हे वाचेल, म्हणून मी ते इथे भिंतीवर लिहून ठेवले आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी