पेटंटामागचे घराणे : जगदीशचंद्र बोस

कुळवृत्तांत लिहिणारे सहसा वतनाचे कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी, तीर्थोपाध्यायांच्या वह्या धुंडाळतात. पेटंटांच्या दप्तरात डोकावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. विक्रमपूरच्या बोस घराण्याचा इतिहास मात्र त्या दप्तरावाचून पुरा होत नाही. अमेरिकेत २९ मार्च १९०४ रोजी मंजूर झालेल्या ७५५८४० क्रमांकाच्या पेटंटावर शोधक म्हणून कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे आणि निम्म्या हक्काच्या धनी म्हणून सारा बुल या अमेरिकन विदुषींचे. शोधाचे पैसे करण्यास ज्यांनी सतत नकार दिला, त्यांच्या नावे हा कागद कसा? त्यासाठी घरापर्यंत मागे जावे लागते.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा. वडील भगवानचंद्र हे डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्यांच्या हाताखालचे लोकही मुलांना इंग्रजी शाळेत घालीत असताना या अधिकाऱ्याने आपला मुलगा फरीदपूरच्या बंगाली शाळेत पाठवला. तेथे त्याच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूस कोळ्याचा. त्यांच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टींनी निसर्गाची ओढ लावली, असे ते पुढे आवर्जून सांगत. मातृभाषेच्या बाकावरील ही शिदोरी केंब्रिजपर्यंत पुरली.

भगवानचंद्र उद्योगाच्या ध्यासाने झपाटलेले होते. बरद्वानला तापाच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांसाठी त्यांनी कारखाने काढले. आसामात चहाचा मळा घेतला, विणकामाच्या कंपनीत पैसा घातला. बहुतेक ठिकाणी हात पोळले आणि घर कर्जात बुडाले. मुलाच्या विलायतेतील शिक्षणासाठी आईने दागिने मोडण्याची तयारी दाखवली.

१८८५ मध्ये जगदीशचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. हिंदी प्राध्यापकाचा पगार युरोपियनाच्या दोनतृतीयांश, आणि हंगामी म्हणून त्याचाही निम्मा. त्यांनी काम चोख केले, पण पगाराला तीन वर्षे हात लावला नाही. दारी सावकार उभे असताना हा बाणा पाळणे किती जड गेले असेल! अखेर पूर्ण पगार मागील बाकीसह मिळाला आणि तो वडिलांच्या कर्जफेडीस लागला. देणे फिटल्यावर थोड्याच काळाने आईवडील निवर्तले. वडिलांच्या अपयशाची मात्र त्यांना कधी लाज वाटली नाही. पुष्कळांच्या यशाहून ते मोलाचे, असेच ते मानीत.

कॉलेजातील चिंचोळ्या जागेत, एका देशी कारागिराला हाताशी धरून त्यांनी विद्युत्‌लहरींची उपकरणे घडवली. अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी त्यांनी निर्माण केल्या; १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहर धाडून घंटा वाजवली, दारू उडवून दाखवली. १९०१ च्या मे महिन्यात लंडनमधील व्याख्यानापूर्वी तारायंत्राच्या एका बड्या कंपनीचा मालक पेटंटाचा अर्ज घेऊनच त्यांना भेटला. बोस यांनी नकार दिला आणि त्या हावरेपणाचा उबग रवींद्रनाथांना पत्राने कळवला. पैशाच्या त्या चक्रात एकदा पाऊल पडले की सुटका नाही, अशी त्यांना धास्ती होती.

निवेदिता आणि सारा बुल या हितचिंतक स्त्रियांना हे पटले नाही. नॉर्वेचे व्हायोलिनवादक ओले बुल यांच्या त्या विधवा पत्नी बोस यांना मुलासारखे मानीत. त्यांच्या आग्रहाने सप्टेंबर १९०१ मध्ये गॅलिना स्फटिकाच्या लहरीग्राहकासाठी अर्ज गेला. पेटंट मिळाले, पण बोस यांनी त्यापासून पैसा मिळवला नाही. मुदत तशीच सरू दिली. व्यवहाराच्या मोजमापाने हे शहाणपण होते असे म्हणवत नाही. मार्कोनींच्या उद्योगाची तेव्हा भरभराट चालली होती. पण कर्जाने पोळलेल्या घरातील मुलाने हाती आलेला पैसा नाकारावा, यास नुसता भोळेपणाही म्हणता येत नाही.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बसु विज्ञान मंदिर उघडले. तेथील शोधांवर पेटंट घेतले जाणार नाही, हे त्यांनी त्याच दिवशी जाहीर केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९५५ मध्ये ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, वॉल्टर ब्रॅटन, यांनी अर्धवाहकांचा इतिहास लिहिताना रेडिओलहरी टिपण्यासाठी अर्धवाहक स्फटिक वापरण्याचा पहिला मान बोस यांना दिला.