दोन तारामती : दुर्गा खोटे यांची गोष्ट

मुलांनो, आणि मुले आत वर्गात असताना बाहेर चहा पीत गप्पा मारणाऱ्या आई-बाबांनो,

'शोले'तला कालिया आपल्या वर्गातल्या बहुतेक मुलांना माहीत आहे. ती भूमिका विजू खोटे यांनी केली होती. विजू आणि विनोदी अभिनेत्री शुभा खोटे ही सख्खी भावंडे. त्यांच्या एक काकू होत्या आणि त्या या दोघांपेक्षाही मोठ्या कलावंत होत्या. आज त्यांची, म्हणजे दुर्गा खोटे यांची ओळख करून द्यायची आम्ही ठरवले आहे.

पण सुरुवात थोडी मागून करावी लागेल. 1913 साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला. त्यात हरिश्चंद्राची राणी तारामती कोणी केली? अण्णा साळुंके नावाच्या एका पुरुषाने! ते उपाहारगृहात काम करीत होते. चित्रपटात काम करायला बाई मिळेचना, म्हणून फाळक्यांनी त्यांना लुगडे नेसवले. नाटकांतही तेच होते. बालगंधर्वांसारखे पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करीत आणि लोक त्यांच्यावर जीव टाकीत. फाळक्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या खऱ्या, पण तरीही 'चांगल्या घरातल्या' बाईने तोंडाला रंग लावणे लोकांना मुळीच पसंत नव्हते.

अशा काळात, 14 जानेवारी 1905 रोजी, मुंबईत पांडुरंग शामराव लाड या सॉलिसिटरांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे नाव विठा. घराणे मूळचे गोव्याचे, त्यामुळे घरात कोकणी बोलली जाई. गिरगावाजवळच्या कांदेवाडीत त्यांचे मोठे एकत्र कुटुंब होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॅथीड्रल, आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेज. म्हणजे घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि गल्लीत मराठी. आपल्या मुलांना यात काही नवल वाटणार नाही!

कॉलेजात असतानाच लग्न झाले आणि विठा लाडची दुर्गा खोटे झाली. पती विश्वनाथ खोटे बनारस हिंदू विश्वविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेले. सासरही श्रीमंत. बकुळ आणि हरिन असे दोन मुलगे झाले. सारे सुखाचे दिसत होते, पण काही वर्षांतच घरची आर्थिक स्थिती पार ढासळली. इंजिनिअरच्या घरी पैशाची अडचण येणार नाही असे आम्हा इंजिनिअरांना उगीचच वाटते, पण ती येते. दोन लहान मुलांना घेऊन दुर्गाबाईंना स्वतः कमावण्याची वेळ आली. पंचविशीच्या त्या बाईने प्रथम शिकवण्या केल्या. त्यात भागेना.

त्याच सुमारास मोहन भवनानी यांना 'फरेबी जाल' या चित्रपटातल्या एका लहान भूमिकेसाठी स्त्री हवी होती. दुर्गाबाईंनी ते काम पैशासाठी स्वीकारले. चित्रपट 1931 साली आला आणि आपटला. त्याहून वाईट म्हणजे जाहिरातीत लाड आणि खोटे या दोन्ही प्रतिष्ठित घराण्यांच्या नावांचा वापर झाला. कुटुंबावर टीकेचा भडिमार झाला. एखादी असती तर पुन्हा स्टुडिओची पायरी चढली नसती.

पण तेवढ्यात व्ही. शांताराम यांनी त्यांना हेरले. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी आपला पहिला बोलपट काढीत होती. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. आणि तारामतीसाठी त्यांना दुर्गाबाई हव्या होत्या. आधीचा अनुभव इतका कडू असूनही त्या गेल्या. 'अयोध्येचा राजा' 1932 साली आला. मराठीतला हा पहिला बोलपट. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच.

इथे आमच्यातला तंत्रज्ञ थोडे बोलल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा पार्श्वगायन नव्हते, ते 1935 मध्ये आले. म्हणजे नटीने कॅमेऱ्यापुढे अभिनय करता करता स्वतःच गायचे, वादकांनी चौकटीबाहेर बसून तिथल्या तिथे वाजवायचे, आणि एकाचे जरी चुकले तरी सगळे पहिल्यापासून. शिवाय चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेला, त्यामुळे तारामतीचे दुःख दोनदा भोगायचे. गाण्याचे शिक्षण घेतलेल्या दुर्गाबाईंनी हे सारे निभावले. ज्या तारामतीसाठी 19 वर्षांपूर्वी बाई मिळाली नव्हती, ती भूमिका एका सॉलिसिटरच्या मुलीने केली आणि काल नावे ठेवणारी मंडळी तिकिटे काढून बघायला आली. त्यानंतर सुशिक्षित घरांतल्या मुलींना चित्रपटाचे दार थोडे तरी उघडले. आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. अभिनयाचा नंबर त्यानंतर.

लगेच 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या, शेजारी खराखुरा चित्ता! 1936 च्या 'अमरज्योती'मध्ये त्या समुद्रावर लुटालूट करणाऱ्या बंडखोर स्त्रियांच्या नायिका होत्या. हा चित्रपट मुलांनी जरूर पाहावा. रडणाऱ्या सोशिक नायिकांच्या काळात अशी समुद्री चाचीण!

त्या काळी नट-नट्या एकाच कंपनीत महिन्याच्या पगारावर असत. दुर्गाबाईंनी ती चाल मोडली आणि त्या वेगवेगळ्या कंपन्यांत काम करू लागल्या. आपल्यातल्या कन्सल्टंट मंडळींना हे लगेच कळेल. कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' आणि 'सीता' या चित्रपटांत त्यांनी काम केले. 1934 चा 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. त्यात राम होते पृथ्वीराज कपूर. पुढे 1960 साली 'मुघल-ए-आझम'मध्ये हेच दोघे अकबर आणि जोधाबाई झाले. एकीकडे नवरा बादशहा, दुसरीकडे मुलगा सलीम, अशी कात्रीत सापडलेली आई त्यांनी केली. दिलीपकुमार-मधुबालेच्या गर्दीत तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. पुन्हा पाहाल तेव्हा तिचे डोळे बघा.

आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'मध्ये (1941) त्यांनी सुनेला छळणारी सासू केली, 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. प्रतिमा जपत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

नाटकही सोडले नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्या 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई झाल्या आणि 1954 साली 'राजमुकुट'मध्ये नानासाहेब फाटक यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. 'राजमुकुट' म्हणजे वि. वा. शिरवाडकरांनी मराठीत आणलेले शेक्सपिअरचे 'मॅकबेथ'. आपल्या मोठ्या मुलांना शाळेत 'मॅकबेथ' असते, तेव्हा त्यांनी हे बाईंना जरूर सांगावे.

धाकटा मुलगा हरिन अकाली गेला. त्याची पत्नी म्हणजे पुढे विजया मेहता म्हणून प्रसिद्ध झालेल्या दिग्दर्शिका. ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप सुरू केला, त्यांतला एक डोळ्यांदेखत गेला, तरी दुर्गाबाई काम करीत राहिल्या. 'बावर्ची', 'अभिमान', 'बॉबी', आणि 1974 च्या 'बिदाई'साठी फिल्मफेअर पुरस्कार, वयाच्या सत्तरीला. 1968 मध्ये पद्मश्री, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. पुरुषाला तारामती करावी लागली त्या फाळक्यांच्याच नावाचा. त्यांनी 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्रही लिहिले. शांता गोखले यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आहे, तेव्हा मराठी वाचताना अडखळणाऱ्या मुलांनाही सबब नाही.

आणि आई-बाबांनो, 1988 साली दूरदर्शनवर आपण सारे 'वागळे की दुनिया' बघायचो, आठवते? ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती. त्यानंतर तीन वर्षांनी, 22 सप्टेंबर 1991 रोजी, दुर्गाबाई गेल्या.