दुष्काळाचे मूळ शोधणारे जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव निघाले की मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि जातिभेदाविरुद्धचा लढा डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यांच्या कार्याचा आणखी एक पैलू मात्र तुलनेने उपेक्षित राहिला आहे. पाऊस दगा देतो तेव्हा गाव कशाच्या आधाराने तगून राहील, या प्रश्नाचा त्यांनी अखेरपर्यंत पाठपुरावा केला. पावसाचे वेळापत्रक बिघडत चाललेल्या आजच्या काळात त्यांचे हे चिंतन नव्याने समजून घेण्यासारखे आहे.

जोतीरावांचा जन्म 1827 साली झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. हा खटाव तालुक्याचा भाग कमी पावसाचा. पुण्यात स्थिरावलेल्या या कुटुंबाचा फुलांचा व्यवसाय होता आणि त्यावरूनच ते फुले या नावाने ओळखले जाऊ लागले. माती आणि पाण्याशी जोतीरावांचा परिचय असा घरातूनच झाला. 1848 मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. सामाजिक समतेचे पाऊल म्हणून त्याचे मोल मोठे आहेच. पण टंचाईच्या दिवसांत पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्नही त्यात दडलेला होता.

1876 मध्ये पावसाने पाठ फिरवली आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. आजचे हवामानशास्त्र त्या अवर्षणाचा संबंध प्रशांत महासागरातील तीव्र ‘एल निनो’शी जोडते. परंतु पाऊस न पडणे आणि माणसे उपाशी मरणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. सारा आणि सावकारी कर्जाने शेतकरी आधीच खचला होता. देशातून धान्याची निर्यातही सुरूच होती. सरकारी कामांवरील मजुरी 1877 मध्ये कमी करण्यात आली, तेव्हा उपाशी मजुरांनी काम सोडून विरोध केला. अशा वेळी चार वर्षांपूर्वी स्थापन झालेला सत्यशोधक समाज मदतकार्यात उतरला. सावित्रीबाई जुन्नर-ओतूर परिसरात वावरत होत्या. पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या पोटापाण्याची सोय करण्यात आली. सरकारच्या तोंडाकडे न पाहता समाजाने स्वतः उभारलेले हे बळ होते.

जोतीराव केवळ विचारवंत नव्हते. ते यशस्वी कंत्राटदारही होते. कात्रजचा बोगदा आणि खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा संबंध आला. धरणाचा कालवा वाहू लागल्यावर अनेक शेतकरी त्याचे पाणी घेण्यास कचरत होते. जोतीरावांनी मांजरी परिसरात जमीन घेऊन स्वतः बागायत केली आणि कालव्याच्या पाण्यावर काय पिकते, ते प्रत्यक्ष दाखवून दिले.

या अनुभवाचे सार 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात उतरले. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे सांगताना त्यांनी सारा, सावकार, भटशाही आणि नोकरशाही यांच्याबरोबरच जमिनीच्या ऱ्हासाकडेही बोट दाखवले. जमीन पडीक ठेवून तिला विश्रांती देणे शेतकऱ्याला परवडेनासे झाले होते. जंगल खात्याने गावांची गायराने घशात घातल्याने गुरे घटली आणि खतही घटले. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर शिवारात येऊन मातीला कस देतो, हे निसर्गचक्र त्यांनी अचूक टिपले होते.

उपायही तितकेच नेमके होते. रिकामे बसणारे शिपाई व पोलीस यांच्याकडून जागोजागी ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतातच मुरेल, तळी-तलाव बांधावेत, नद्या व तलावांतील गाळ शेतकऱ्यांना द्यावा, गायराने गावांना परत करावीत, पाणाड्यांच्या मदतीने भूगर्भातील झऱ्यांचा शोध घ्यावा, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे. आज पाणलोट विकास म्हणून जे ओळखले जाते, त्याची बीजे या यादीत आढळतात.

त्या काळच्या सरकारने हा कार्यक्रम स्वीकारला नाही. जोतीराव मात्र थांबले नाहीत. मार्च 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि तिथल्या भरजरी पोशाखांत खरा देश दिसत नाही, असे त्यांनी ठणकावले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला. तरी डाव्या हाताने त्यांचे लेखन चालूच राहिले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राने 1972 चा, पुढे 2012-13 आणि 2015-16 चा दुष्काळ सोसला. धरणांतील गाळ शेतात नेण्याची शासकीय योजना 2017 मध्ये आली. जोतीरावांनी ती सूचना केल्याला तोवर 134 वर्षे लोटली होती. बंधारे यंत्रांनी झटपट उभे राहतात. अडवलेले पाणी कोणाच्या वाट्याला येणार, याचा न्याय्य निवाडा मात्र गावालाच करावा लागतो. हौद खुला करणाऱ्या जोतीरावांना ही गोष्ट ठाऊक होती. बंधारा आणि हौद हे दोन्ही धडे एकत्र गिरवणारे गावच यापुढच्या लहरी पावसात टिकून राहील.